लोसारला प्रतापगडच्या तिबेटी वसाहतीत जायचंय? निघण्याआधी हे वाचून घ्या

अर्जुनी मोरगाव (तालुका प्रतिनिधी) : थंडी पडली की गोंदिया, भंडारा, नागपूरला तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकानं लागतात. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात त्यांच्याकडून घेतलेलं एखादं स्वेटर, कानटोपी किंवा शाल असतेच. पण ही माणसं राहतात कुठं, त्यांचा सण कोणता, हे विचारलं तर आपल्याच तालुक्यातले लोक गप्प होतात. मीही त्यातलाच होतो. वसाहत आपल्याच तालुक्यात, गोठणगाव-प्रतापगडच्या बाजूला, इटियाडोह धरणाच्या परिसरात. तरी वयाची चाळिशी उलटेपर्यंत मी तिथं कोणाच्या घरी गेलो नव्हतो.

तिबेटी लोकांचा सगळ्यात मोठा सण म्हणजे लोसार, त्यांचं नवीन वर्ष. दरवर्षी लोसार जवळ आला की मला फोन येतात. भाऊ, जाता येते का? कोणत्या दिवशी जायचं? आत सोडतात का? खायला काय असते? सगळ्यांना वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. मोबाईलमध्ये जपून ठेवा, कामी येईल.

ही माणसं इथं कशी आली

मार्च १९५९ मध्ये ल्हासा शहरात चिनी राजवटीविरुद्ध उठाव झाला. त्यानंतर दलाई लामा ल्हासा सोडून निघाले आणि ३१ मार्च १९५९ ला भारतात पोचले. त्यांच्या मागोमाग हजारो तिबेटी हिमालय ओलांडून आले. भारत सरकारने त्यांना वेगवेगळ्या राज्यांत जमीन देऊन वसवलं. कर्नाटकात बैलकुप्पे आणि मुंडगोड, छत्तीसगडमध्ये मैनपाट, ओडिशात चंद्रगिरी अशा वसाहती झाल्या. महाराष्ट्रातली वसाहत १९७२ मध्ये आपल्याकडे झाली. तिचं नाव नोर्ग्येलिंग.

एक गोष्ट लक्षात ठेवा. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला. त्यामुळे तिबेटी कागदपत्रांत आणि त्यांच्या बोलण्यात आजही या वसाहतीला 'भंडारा' म्हणतात. मोबाईलवर शोधताना भंडारा असं दिसलं म्हणून भंडारा शहराकडे गाडी वळवू नका.

बर्फाच्या मुलखातली माणसं एकदम आपल्या झाडीपट्टीच्या उन्हात आली. जंगलाला लागून जमीन, धानाची शेती, उन्हाळ्यात अंगाची लाही. जुनी माणसं सांगतात, सुरुवातीला त्यांना आपल्याकडची गरमी सोसत नव्हती. पण धान करायला शिकले, मराठी-हिंदी शिकले. शेतीवर भागत नाही हे आपल्यासारखंच त्यांनाही कळलं, म्हणून हिवाळ्यात स्वेटरचा धंदा. दिवाळीच्या आगेमागे घरातली कमावती माणसं शहरात जातात आणि जानेवारी संपता संपता परत येतात. डिसेंबरमध्ये वसाहतीत गेलात तर म्हातारी माणसं आणि लहान मुलंच जास्त दिसतील. लोसारला मात्र वसाहत भरलेली असते. जायचं तर म्हणूनच लोसारला जायचं.

लोसार कधी असतो

'लो' म्हणजे वर्ष आणि 'सार' म्हणजे नवीन. तिबेटी पंचांग चंद्रावर चालतं, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. फेब्रुवारी किंवा मार्चच्या सुरुवातीला अमावस्येच्या आसपास लोसार येतो. मागच्या काही वर्षांच्या तारखा अशा :

- २०२२ : ३ मार्च
- २०२३ : २१ फेब्रुवारी
- २०२४ : १० फेब्रुवारी
- २०२५ : २८ फेब्रुवारी
- २०२६ : १८ फेब्रुवारी

२०२७ चा लोसार ७ फेब्रुवारीच्या सुमारास येतो. निघण्याआधी वसाहतीत विचारून तारीख पक्की करा.

आपल्या भागातल्या लोकांसाठी सोपी खूण आहे. महाशिवरात्री माघ वद्य चतुर्दशीला असते, म्हणजे अमावस्येच्या अगदी तोंडावर. बऱ्याच वर्षी लोसार त्याच अमावस्येला लागून येतो. २०२३ ला महाशिवरात्री १८ फेब्रुवारीला होती आणि लोसार तीन दिवसांनी. २०२५ ला २६ आणि २८ फेब्रुवारी. २०२६ ला १५ आणि १८ फेब्रुवारी. म्हणजे प्रतापगडची यात्रा आणि लोसार एकाच आठवड्यात. पण दरवर्षी असंच होईल असं समजू नका. अधिक महिना आपल्याकडे आणि त्यांच्याकडे एकाच वेळी येत नाही. २०२४ ला लोसार १० फेब्रुवारीला झाला आणि महाशिवरात्री ८ मार्चला आली. यात्रेच्या अंदाजाने गेलेले लोक त्या वर्षी सण संपल्यावर पोचले.

तिबेटी वर्षांना नावं असतात. बारा प्राणी आणि पाच तत्त्वं मिळून साठ वर्षांचं चक्र होतं. फेब्रुवारी २०२६ ला सुरू झालेलं वर्ष अग्नी-घोड्याचं, तिबेटी २१५३. आपल्या पंचांगातही प्रभव, विभव असं साठ संवत्सरांचं चक्र असतंच. त्यांचं पंचांग हजार वर्षांपूर्वी भारतातूनच गेलेल्या कालचक्र ग्रंथाच्या आधाराने बनलं, म्हणून हे साम्य आहे.

माझी झालेली फजिती

पुढचं सांगण्याआधी माझं सांगतो, म्हणजे तुम्ही तीच चूक करणार नाही.

आमचे वडील मी शाळेत असल्यापासून एकाच तिबेटी बाईकडून स्वेटर घ्यायचे. हातात पैसे नसले तर 'धान विकलं की देतो' म्हणायचे. ती हो म्हणायची. कधी वहीत लिहिलं नाही, कधी घरी मागायला आली नाही. वडीलही दुसऱ्या वर्षी आधी मागचे पैसे देत आणि मगच नवीन स्वेटर बघत. २०२२ च्या जानेवारीत वडील वारले. बातमी कशी कळली माहीत नाही, पण ऐन धंद्याच्या दिवसांत दुकान पुतण्यावर सोडून ती आमच्या घरी आली. वडिलांच्या फोटोला पांढरा रेशमी पट्टा घातला, हात जोडले, अर्धा तास आईजवळ बसली आणि गेली. आई म्हणाली, "तीस वर्षं ती आपल्याला ओळखते. आपण तिचं घर तरी पाहिलं का?"

पुढच्या वर्षी, २०२३ ला, यात्रेत लोसारची तारीख कळली. २१ फेब्रुवारीला सकाळी सात वाजता आम्ही नऊ जण जीप करून तिच्या दारात उभे. फोन नाही, निरोप नाही. घरातली सगळी माणसं नवीन कपडे घालून मठात निघाली होती. लोसारचा पहिला दिवस म्हणजे देवाचा आणि घरच्यांचा, हे आम्हाला कुठं माहीत? दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या वेळी कोणी नऊ पाहुणे दारात आणले तर आपल्या घरच्या बायकांचं काय होईल, ते आठवा. ती मात्र हसली. सुनेला थांबवलं, आम्हाला बसवलं, चहा दिला. तिची सून त्या दिवशी मठात जायला दोन तास उशिरा गेली. आमच्यामुळे. ते मला अजून लागतं.

कोणत्या दिवशी काय असतं

लोसार तसा पंधरा दिवस चालतो, पण मुख्य तीन दिवस. त्याआधी दोन दिवस तयारी.

आदल्या आदला दिवस (जुन्या वर्षाच्या शेवटच्या महिन्याची २९ तारीख) : घराची झाडलोट. संध्याकाळी गुथुक नावाचं घट्ट सूप करतात. 'गु' म्हणजे नऊ, त्यात नऊ प्रकारचे जिन्नस. सोबत कणकेचे मोठे गोळे असतात आणि प्रत्येकाच्या आत काहीतरी लपवलेलं. ज्याला मिरची निघाली तो बडबड्या, ज्याला कोळसा निघाला तो काळ्या मनाचा. घरभर हसाहशी होते. नंतर कणकेचं बुजगावणं करून, दिवट्या पेटवून वाईट ते घराबाहेर नेऊन टाकतात. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत काढतात, इडा पिडा घेऊन जा म्हणतात, तसाच भाव. मठांत याच सुमारास मुखवटे घालून लामांचं 'छाम' नृत्य असतं. ते कोणत्या वेळी आहे ते आधी विचारा.

आदला दिवस : देवघराची मांडणी. फराळ रचणं, नवीन पडदे. बाहेरच्याने या दिवशी जाऊ नये, सगळे कामात असतात.

पहिला दिवस : पहाटे उठून देवाला पाणी, मठात प्रार्थना, घरातल्या वडीलधाऱ्यांना शुभेच्छा. हा दिवस त्यांचा त्यांनाच राहू द्या.

दुसरा दिवस : एकमेकांच्या घरी जाणं-येणं. ओळख असेल आणि आधी सांगितलं असेल तर हा दिवस चांगला.

तिसरा दिवस : सुवासिक पानं-लाकडं जाळून धूप करतात, जुन्या पताका काढून नवीन बांधतात. सगळे एकत्र उभे राहून भाजलेल्या जवाचं पीठ आकाशात उधळतात. यानंतर बहुतेक वसाहतींत गोलात हात धरून नाच असतो, त्याला गोरशे म्हणतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने तिसऱ्या दिवशी जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. सगळं मोकळ्या जागेत असतं, कोणाच्या घरकामात आपण आडवे येत नाही.

कसं पोचायचं

रेल्वेने : गोंदिया-बल्लारशा मार्गावर अर्जुनी मोरगाव स्थानक आहे. या मार्गावर गाड्या मोजक्या, परतीची वेळ आधी बघून घ्या.

रस्त्याने : नागपूर, भंडारा, साकोलीकडून येणाऱ्यांनी महामार्गाने कोहमारा गाठावं, तिथून नवेगावबांध मार्गे अर्जुनीच्या बाजूला यावं. गोंदियाकडूनही कोहमाऱ्यावरूनच रस्ता आहे. वडसा, गडचिरोलीकडच्यांना अर्जुनी सरळ पडतं. अर्जुनीहून गोठणगावच्या दिशेने निघालं की कोणालाही 'तिबेटी कॅम्प' विचारा, लहान पोरगाही सांगतो. नागपूरहून स्वतःच्या गाडीने साधारण तीन तास धरा.

एसटी : अर्जुनीपर्यंत अडचण नाही. पुढच्या गाडीची वेळ बसस्थानकावर विचारूनच निघा. यात्रेच्या दिवसांत जादा गाड्या असतात, पण गर्दीही तेवढीच.

रस्ता जंगलाचा आहे. नवेगाव हे १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान आणि २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग. संध्याकाळनंतर रानडुक्कर, चितळ रस्त्यावर येतात. दुचाकीवाल्यांनी अंधार पडायच्या आत परतीला लागावं. मध्ये नेटवर्क जातं, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि घरी सांगून निघा.

आधी कोणाला विचारायचं

प्रत्येक तिबेटी वसाहतीत एक सेटलमेंट ऑफिस असतं. हिमाचलमधल्या धर्मशाळेला जे केंद्रीय तिबेटी प्रशासन आहे, त्याचा अधिकारी तिथं बसतो. आठ-दहा जणांचा गट, शाळेची सहल किंवा बचत गटाच्या महिला न्यायच्या असतील तर आठवडाभर आधी तिथं जाऊन किंवा कोणाकरवी निरोप देऊन सांगा. किती माणसं, किती वाजता, किती वेळ, एवढं सांगितलं तरी पुरे. दोघं-चौघं असाल तर ओळखीच्या स्वेटरवाल्याला हिवाळ्यातच विचारून ठेवा. त्याच्यासारखा चांगला वाटाड्या मिळणार नाही.

आपल्या भारतीय लोकांना आत जायला परवाना लागत नाही. परदेशी पाहुणा सोबत असेल तर मात्र थांबा. काही तिबेटी वसाहतींत परदेशी नागरिकांना केंद्र सरकारचा परवाना लागतो, तेव्हा आधी चौकशी करूनच त्यांना आणा.

यंदा सण साजरा होणार आहे ना, हेही विचारा. २००८ मध्ये तिबेटमध्ये आंदोलनं झाली, माणसं मारली गेली, त्या दुःखात २००९ ला तिबेटी लोकांनी लोसारचा आनंद साजरा केला नाही. आपल्या घरात दुखवटा असला की सण नसतो, तसंच.

घरात गेल्यावर

चपला बाहेर. 'ताशी देलेक' म्हणा, म्हणजे शुभ होवो. वडीलधाऱ्या बाईला 'आमा-ला', पुरुषाला 'पा-ला' म्हटलं तर त्यांना फार बरं वाटतं. 'ला' म्हणजे आपल्या 'जी'सारखं. आभार मानायचे तर 'थुजेछे'.

दाराशी किंवा देवघराजवळ दोन कप्प्यांची लाकडी पेटी समोर धरतील. तिला छेमार म्हणतात. एका बाजूला लोणी घातलेलं भाजलेल्या जवाचं पीठ, दुसऱ्या बाजूला भाजलेले दाणे. उजव्या हाताने चिमूट घ्यायची, तीनदा वर उडवायची, थोडं तोंडात टाकायचं आणि ताशी देलेक म्हणायचं. मी पहिल्या वेळी मूठभर घेऊन खाऊन टाकलं होतं, पोरं अजून हसतात.

देवघरावर धान्याचे हिरवे कोंब उगवलेला वाडगा दिसेल. नवरात्रात आपण घट बसवतो, जवारा करतो, तेच. आईने ते बघितलं आणि एकदम म्हणाली, "हे तर आपलंच आहे."

पांढरा रेशमी पट्टा म्हणजे खाता. कोणी तो दोन्ही हातांनी दिला तर आपणही थोडं वाकून दोन्ही हातांनी घ्यावा. तो पायात येऊ देऊ नका, गाडी पुसायला तर नकोच. तो मान आहे. लग्नात देतात, निरोपाला देतात आणि मयतीलाही देतात. आमच्या वडिलांच्या फोटोवरचा पट्टा काय होता, ते मला तिथं जाऊन कळलं.

सोबत काय न्यावं? हार-तुरे नकोत. फळं किंवा घरचा चिन्नोर तांदूळ किलो-दोन किलो. आमच्या तांदळाचं त्या बाईला फार कौतुक. रिकाम्या हाताने गेलात तरी कोणी काही म्हणत नाही, पण सणाच्या घरी आपण तसे जात नाही.

खाण्यापिण्याचं

खाप्से : मैद्याचा तळलेला पदार्थ, आपल्या शंकरपाळ्यांचा भाऊच. वेगवेगळ्या आकारांचे असतात. लांब मोठ्या आकाराला गाढवाचा कान म्हणतात. ते देवघरावर रचलेले असतात, तिथून उचलून खाऊ नका. खायचे वेगळे देतात.

लोण्याचा चहा : यात साखर नसते, मीठ आणि लोणी असतं. चहा म्हणून तोंडाला लावला तर दचकाल. पातळ सूप समजून प्या, आवडेल. कप थोडा रिकामा झाला की पुन्हा भरतात. नको असेल तर भरलेला तसाच ठेवा आणि निघताना संपवा.

मोमो आणि थुक्पा : मोमो वाफवलेले असतात, थुक्पा म्हणजे शेवयांचं सूप. दोन्हीत मांस असू शकतं. शाकाहारी माणसांनी आणि ज्यांचा एखाद्या मांसाचा नेम आहे त्यांनी खाण्याआधी सरळ विचारावं. विचारलेलं कोणाला राग येत नाही. खाल्ल्यावर तोंड वाकडं केलेलं मात्र दिसतं.

छांग : घरी आंबवून केलेलं पेय, नशा येते. सणाला देतात. नको असेल तर हात जोडून नाही म्हणा, जबरदस्ती नसते. गाडी चालवणाऱ्याने अजिबात घेऊ नये.

जेवणाची पंगत मिळेल असं धरून जाऊ नका. आपला डबा आणि पाणी गाडीत ठेवा, पैसे रोख ठेवा.

मठात आणि पताकांजवळ

टोपी काढा, चपला काढा, मोबाईलचा आवाज बंद करा. प्रदक्षिणा आपल्यासारखीच, उजवीकडून. प्रार्थनाचक्रंही त्याच दिशेने फिरवायची. पोथ्या जमिनीवर ठेवू नका, ओलांडू नका. मूर्तीकडे पाय करून बसू नका. लहान लामांच्या डोक्यावरून लाडाने हात फिरवू नका.

पताकांचे पाच रंग ठरलेले : निळा आकाश, पांढरा वारा, लाल अग्नी, हिरवा पाणी, पिवळा पृथ्वी. त्यावर मंत्र छापलेले असतात. म्हणून मोटारसायकलच्या मागे, चाकाजवळ, पायरीवर बांधू नये. उंचावर, वाऱ्यात बांधावी. आपल्या पोरांनी गाड्यांना बांधलेल्या पताका चिखलात लोळताना मी बघतो, तेव्हा वाईट वाटतं.

आपल्या जिल्ह्यात बौद्ध समाज मोठा आहे. बरेच जण विचारतात, हे आपलेच ना? बुद्ध तोच. पूजा, मंत्र, लामा, मुखवटे ही तिबेटी परंपरा वेगळी, आणि १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या धम्मदीक्षेचा मार्ग वेगळा. बघून, विचारून समजून घ्या. त्यांच्या मठात बसून वाद घालू नका.

फोटो आणि रील

हे तरुण मंडळींसाठी. मोकळ्या मैदानातला नाच बिनधास्त काढा. घरात, मठात, म्हाताऱ्या माणसाजवळ विचारल्याशिवाय मोबाईल वर करू नका. बायका त्यांचा छुपा नेसतात, लग्न झालेल्या बायका पुढे रंगीत पट्ट्यांचं आडवस्त्र बांधतात, त्याला पांगदेन म्हणतात. सुंदर दिसतं, पण ते कोणाच्या तरी आईचं आहे. आणि 'चायनीज' म्हणून हाक मारू नका. मजेतसुद्धा नको. ज्यांनी घर कोणामुळे सोडलं, त्यांनाच तुम्ही त्या नावाने हाका मारता.

२०२५ ला आमच्या गावची दोन पोरं लोसारच्या पंधरवड्यात गेली, पण १० मार्चला. हा दिवस १९५९ च्या उठावाच्या आठवणीचा, त्या दिवशी गेलेल्यांसाठी प्रार्थना असते. पोरांनी एका रडणाऱ्या म्हातारीचा व्हिडिओ काढला आणि वर गाणं लावून 'तिबेटी सण' म्हणून टाकला. मी सांगितल्यावर काढून टाकला, पण तोवर पुष्कळांनी पाहिला होता. पोरं वाईट नाहीत. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

लोसार चुकला तर

६ जुलैला दलाई लामांचा वाढदिवस असतो. त्यांचा जन्म १९३५ चा. २०२५ ला त्यांना नव्वद वर्षं झाली. १० डिसेंबरला त्यांना १९८९ मध्ये मिळालेल्या नोबेल शांतता पुरस्काराची आठवण करतात, पण तेव्हा निम्मी वसाहत धंद्यावर असते. सागा दावा हा बुद्धाचा पवित्र महिना. त्याची पौर्णिमा कधी आपल्या बुद्धपौर्णिमेला जुळते, कधी महिनाभर पुढे जाते. जुलैत जायचं तर पाऊस आणि रोवणी दोन्ही बघून ठरवा.

एका दिवसात दोन-तीन गोष्टी करायच्या असतील तर सकाळी लवकर निघून वसाहत, दुपारी इटियाडोह, परतताना नवेगावबांधचा तलाव. हा तलाव जुन्या कोहळी समाजातल्या कोलू पाटलाने बांधला असं सांगतात. यात्रेचे दिवस असतील तर प्रतापगडची पहाडी. तिथं महादेवाला आणि दर्ग्याला, दोन्हीकडे माणसं जातात. एका परिसरात महादेव, दर्गा आणि तिबेटी मठ, हे आपल्या तालुक्याचं वैभव आहे. आपणच ते कोणाला सांगत नाही.

शेवटी एवढंच

गेल्या लोसारला मी आईला घेऊन तिसऱ्या दिवशी गेलो. आधी फोन करून. ती बाई आता थकली आहे, स्वेटरच्या दुकानावर बसत नाही. पुतण्या परदेशात गेला. बऱ्याच घरांतली तरुण पोरं अशीच युरोप, अमेरिका, कॅनडाला गेली. काही घरांना कुलूप दिसलं. आपल्या गावची पोरं पुण्याला जातात तसंच आहे म्हणा. फरक एवढाच की आपल्या पोराला परत यायला गाव आहे. हिला विचारलं, तुमचं गाव कोणतं? तिने तिबेटमधलं नाव सांगितलं, मग थोडं थांबून म्हणाली, "आता हेच."

आईने तिला एक जुनी गोष्ट विचारली. वडील गेले त्या वर्षीचे स्वेटरचे पैसे राहिले होते का? ती म्हणाली, "राहिले असतील. मी कुठं लिहिलं?" आईने पिशवीतून चिन्नोर काढून तिच्या ओटीत घातला.

लोसारला जायचं असेल तर तिसऱ्या दिवशी जा, आधी कळवून जा आणि अंधार पडायच्या आत परत या. अजून काही विचारायचं असेल तर या हिवाळ्यात स्वेटर घेताना दुकानदारालाच विचारा. भाव करून झाला की मग.